जिज्ञासा: संगणकावरचा तंबोरा गिटारसारखा का वाजतो?

प्रश्न: माझ्या मुलाने छेडलेल्या तारेचा आवाज निर्माण करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. आमच्या घरच्या तंबोऱ्याशी त्याचा षड्ज तंतोतंत जुळतो, तरीही ऐकताना गिटारच वाजते आहे असे वाटते. असे का व्हावे?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर: चिरंजीवांनी बहुधा कारप्लस आणि स्ट्राँग या संशोधकांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेली रीत वापरली असावी. तीत स्वैर आकड्यांची एक रांग घेऊन ती पुन्हा पुन्हा वाजवतात, आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढतात. सेकंदाला 44100 आकडे या वेगाने 100 आकड्यांची रांग सुमारे 440 वेळा फिरते, व तोच सूर आपल्याला ऐकू येतो. सरासरीमुळे रांगेतील बारीक चढउतार आधी मिटतात, म्हणजे वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत त्याच तारेतून उमटणारे उंच सूर) लवकर विरतात. साध्या तारेचेही असेच होत असल्याने इतक्या किरकोळ गणितात गिटार हुबेहूब उतरते.

तंबोऱ्यात मात्र वरचे स्वरांश छेडल्यानंतर खुलत जातात. त्याच्या घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा रुंद आणि किंचित गोलसर असतो. कंप पावणारी तार दर फेरीला त्याला चाटून जाते आणि त्या स्पर्शातून खालच्या स्वरांशांची ऊर्जा वरच्यांकडे जात राहते. हीच जवारी. घरी पडताळायचे असेल, तर तार बरोबर मध्यावर छेडून लगेच त्याच बिंदूला बोट हलकेच लावावे. नेहमीच्या नियमाने तार मुकी व्हायला हवी, पण जवारी लागलेल्या तंबोऱ्यात वरचा षड्ज गुंजत राहतो. हे निरीक्षण सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये मांडले. (ते 1910 मध्ये वित्त खात्याच्या नोकरीत नागपुरातच होते, पण हे संशोधन कलकत्त्याचे, तेव्हा त्याचे श्रेय आपल्या गावाला घेता येणार नाही.)

संगणकावर जवारी आणायची, तर खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रित नमुने वाजवणे हा सोपा मार्ग आहे. त्यात जवारी आयती मिळते, पण ती मुद्रणाच्या वेळी लावली होती तेवढीच. प्रोग्रॅमच सुधारायचा असेल, तर तारेचे टोक दोऱ्याच्या (जवारीसाठी तार आणि घोडी यांच्यामध्ये घालतात त्या सुताच्या) जागी बांधलेले धरावे आणि त्यापुढे काही मिलिमीटरवर घोडीची कड मानून तार तिच्याखाली जाऊ लागताच तिला वर ढकलावे. हे अंतर बदलण्याजोगे ठेवावे, म्हणजे आपण बोटाने दोरा सरकवून जवारी लावतो, तसे चिरंजीवांना तो आकडा कमीजास्त करून कानाने लावता येईल.