पाण्याची पाळी कुणाची?

प्रश्न : ताई, आमच्या वस्तीलगतचा एक भूखंड कित्येक वर्षं पडून होता. गेल्या वर्षी तीसेक घरांनी मिळून तिथं भाजीबाग सुरू केली. पहिल्या महिन्यात एवढी माणसं यायची की कुदळी पुरत नव्हत्या. ऊन तापायला लागलं तसे एकेक जण गळत गेले आणि सगळे वाफे वाळून गेले. आता पुन्हा उभं राहायचं ठरवलंय. आधी माती बदलून घ्यावी का?
– एक वाचक

उत्तर : माती बदलायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून, बाग गेली ती पाण्याच्या पाळीवरून. मी अकरा वर्षं अशाच एका सामायिक बागेत राबते आहे आणि आमचाही पहिला उन्हाळा हुबेहूब असाच गेला. रविवारी पंचवीस माणसं हजर, आणि मंगळवारी दुपारी टोमॅटोची रोपं माना टाकून उभी. कुणी कामचुकार नव्हतं. प्रत्येकाला मनापासून वाटायचं की दुसऱ्यानं पाणी घातलंच असेल.

मग आम्ही नळाशेजारच्या खांबाला एक वही टांगली. तिला दोऱ्यानं पेन्सिल बांधली, कारण पेनाची शाई ओल्या हातानं पसरते. रकाने तीनच : तारीख, पाळी कुणाची, बदली कोण. बदलीचा रकाना फार महत्त्वाचा आहे. माणूस आजारी पडतो, गावाला जातो, आणि एकदा पाळी चुकली की संकोचानं यायचंच बंद करतो. बदलीचं नाव आधीच लिहिलेलं असलं की त्याला फक्त एक फोन करावा लागतो. आमची माणसं टिकली ती या रकान्यामुळे, असं मला अजूनही वाटतं.

पाणी सकाळी, बुंध्याशी, सावकाश घालायचं. वरची माती ओली दिसते म्हणून फसू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघा. तिथं कोरडं लागलं तरच घाला. वाफ्यावर वाळक्या पाल्याचा चार बोटं थर अंथरला तर ओल बरीच जास्त टिकते.

आणि तीस घरं आहेत म्हणून तीस वाफे करू नका. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर जेवढी माणसं येत होती, तेवढ्यांना झेपतील एवढेच करा. पाच-सहा पुरे. वाफ्याची रुंदी चार फुटांच्या वर नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि माती तुडवली जात नाही.

आता मातीचं. तिथं पूर्वी काय होतं ते जुन्या रहिवाशांना विचारा. जुनं घर पाडलेलं असेल, गॅरेज असेल, किंवा जागा रहदारीच्या रस्त्याला लागून असेल, तर शिशाची तपासणी करून घ्याच. जुन्या रंगातलं आणि एकेकाळी पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं शिसं वर्षानुवर्षं मातीच्या वरच्या थरातच राहतं. लहान मुलांना त्याचा सगळ्यांत जास्त धोका. जागेवरच्या आठ-दहा ठिकाणांहून वीतभर खोलीपर्यंतची माती घेऊन एकत्र कालवा आणि तो नमुना प्रयोगशाळेत द्या. शिसं थोडं जास्त निघालं तरी जागा सोडायची गरज नसते. खाली जाड कापड अंथरून वर बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे करता येतात. अशा जागी पालेभाज्या आणि कंदमुळं टाळावीत, वेलावरच्या आणि फळभाज्या लावाव्यात.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठंच नाही : जागा कुणाची आहे? मालक ओळखीचा असला तरी परवानगी कागदावर घ्या, मुदतीसह. न्यूयॉर्कमध्ये 1973 साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी बावरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची कचऱ्यानं भरलेली जागा साफ करून बाग केली. पुढच्याच वर्षी त्यांनी ती शहराकडून महिना एक डॉलर भाड्यानं रीतसर घेतली. ती बाग आजही आहे. त्याच शहरात 1999 साली शंभराहून अधिक बागांच्या जागा लिलावात निघाल्या होत्या; ऐन वेळी दोन संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. दर वेळी कुणी असं धावून येईलच असं नाही, म्हणून कागद हवा.

प्रश्न : माझं वय बहात्तर. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. जवळच्या बागेला देणगी द्यावी, की आणखी काही करता येईल?
– एक वाचक

उत्तर : देणगी जरूर द्या, पण तुम्हीही या. बागेला खताच्या ढिगावर लक्ष ठेवणारं एक माणूस हवंच असतं, आणि ते काम उभ्यानं होतं. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला वाळक्या पाल्याच्या दोन-तीन बादल्या पडताहेत ना, एवढं पाहायचं. मूठभर घेऊन दाबा. एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली किंवा आंबूस वास आला तर पाला वाढवून ढीग खालीवर करायला कुणाला तरी सांगा. काम चांगलं सुरू असेल तेव्हा ढीग आतून चांगला गरम लागतो.

बियाणंही सांभाळता येईल. आमच्याकडे तुमच्याच वयाचे एक आजोबा शेंगा वेलावरच कडकडीत वाळू देतात, मग घरी बसून सोलतात आणि बाटलीवर जात आणि वर्ष लिहितात. बी नखानं दाबून बघतात. खूण उमटली की पुन्हा सुकवायला. गेल्या हंगामात आमचे घेवड्याचे सगळे वेल त्यांच्या बाटलीतल्या बियांचे होते.

बागेतल्या लोकांना एक वाफा कंबरेएवढा उंच करायला सांगा. तो खुर्चीत बसून खुरपता येतो. आणि वहीत तुमचं नाव बदलीच्या रकान्यात नको, पाळीच्या रकान्यात लिहायला लावा.