दाढी गालांवर विरळ येते. लग्नापर्यंत ती भरगच्च आणि कोरीव दिसावी म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वय चोवीस, मिशी आणि हनुवटीला केस चांगले आहेत, पण गालांवर ठिगळं. मोठा भाऊ म्हणतो रोज वस्तरा फिरव, आपोआप दाट येईल. मित्र म्हणतो कांद्याचा रस चोळ. आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर. माझं सातारा जिल्ह्यात सलून आहे. धंदा घरचाच, आजोबा धोकटी घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचे. तुमचाच प्रश्न माझ्या खुर्चीत बसणारी पोरं सारखी विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी भावाचं. रोज दाढी केल्याने दाढी दाट होत नाही. हे मी सांगणं म्हणजे स्वतःच्या गल्ल्यावर पाय देणं आहे, पण खरं ते खरं. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच काही पुरुषांना ठराविक पद्धतीने दाढी करायला लावून त्यांचे केस तपासले होते. केसाची जाडी वाढली नाही आणि वाढीचा वेगही नाही. मग सगळ्यांना तसं वाटतं का? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. ब्लेडने तो कातडीलगत कापला की वर येणारं टोक बोथट असतं, म्हणून खुंट हाताला खरखरीत लागतात आणि काळेही दिसतात. शिवाय पोरगा दाढी करायला लागतो तेच मुळात केस वाढायच्या वयात. वाढ होते वयाने, श्रेय जातं वस्तऱ्याला.

दाढी कुठे, किती आणि कधी येणार हे बरंचसं घराण्यावर असतं, आणि घराणं म्हणजे फक्त बापाचं नाही. आईकडच्या मामांचे, आजोबांचे गालही बघा. शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होतं, त्याला दाढीच्या केसांची मुळं किती दाद देतात यावर सगळा खेळ. गंमत अशी की तेच द्रव्य, ज्याच्या नशिबात टक्कल आहे त्याच्या डोक्यावरची मुळं बारीक करतं. म्हणून वर चंद्र आणि खाली जंगल अशी गिऱ्हाइकं मला रोज भेटतात. त्यामुळे दाढी विरळ म्हणजे पुरुषपणात काही कमी, हे डोक्यातून काढून टाका. बहुतेकांच्या शरीरात सगळं व्यवस्थित असतं, फक्त गालावरची मुळं उशिरा जागी होतात. केस येण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी ओठाच्या कोपऱ्यांवर, मग मिशी भरते, मग ओठाखाली आणि कल्ल्यांजवळ, आणि बाकीचं सावकाश. दहावीत असताना पहिल्यांदा माझ्याकडे मिशी कोरायला आलेली पोरं आज बापे झालीत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे गाल पंचविशीनंतर भरलेले मी पाहिलेत. चोवीस हे निकाल लावायचं वय नाही.

आता मुद्द्याचं. तुमची दाढी खरंच विरळ आहे की तुम्ही ती कधी पुरती वाढूच दिली नाही? दहातल्या आठ जणांचं दुसरंच असतं. दाढीचा केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. पंधरा दिवसांत खाज सुटते, मधली ठिगळं आरशात डोळ्यांत खुपतात, घरातून कोणीतरी ‘आजारी आहेस का’ विचारतं, आणि माणूस येऊन खुर्चीत बसतो, ‘उडवून टाक.’ पण गालावरच्या मोकळ्या जागा बुजतात त्या तिथे नवीन केस उगवून नव्हे, तर वरच्या बाजूचे केस लांब होऊन त्यांच्यावर आडवे पडतात म्हणून. आणि पडण्याइतकी लांबी यायला महिना तरी लागतोच.

आपल्याकडे यासाठी आयती सोय आहे. श्रावण. आषाढी अमावास्येच्या आधी दोन दिवस माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसते आणि मग महिनाभर मी पेपर वाचतो. श्रावण पाळणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, ना ऑफिसात ना सासरी. तुम्ही पाळत असा-नसा, पण सुरुवात त्याच दिवशी करा. पहिल्या दिवशी सगळं साफ, मग महिनाभर ना ट्रिमर, ना कात्री, ना ‘फक्त गालावरची लाइन’. नवरात्राचे नऊ दिवस पुरत नाहीत, त्यात नुसती खाजच पदरात पडते. महिन्याने जी दिसेल ती तुमची खरी दाढी. तिच्यावर काय कोरायचं ते मग ठरवू.

कोरण्यात सगळ्यात जास्त चुकते ती गळ्याची रेघ. गालाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण दाढी राजबिंडी दिसणार की पोरकट, ते गळा ठरवतो. घरी ट्रिमर घेतलेली मंडळी मान वर करून थेट जबड्याच्या हाडापर्यंत साफ करतात. मान खाली आली की हाडाखालचं उघडं मांस दिसायला लागतं, बारीक माणसालाही डबल हनुवटी येते, आणि दाढी चेहऱ्यावर नुसती चिकटवल्यासारखी दिसते. त्यापेक्षा असं करा. मान सरळ, नजर समोर. कंठमणी बोटाने चाचपा. त्याच्यावर दोन बोटं आडवी ठेवा. वरच्या बोटाची वरची कड, ती दाढीची खालची हद्द. तिथून दोन्हीकडे जबड्याच्या कोपऱ्याखालून गोलाई देत कानाच्या मागच्या बाजूला नेऊन भिडवा. रेघ मारताना मान वर करायची नाही, कातडी ताणली की रेघ भलतीकडे पडते. रेघेच्या खालचं सगळं साफ करताना मात्र मान वर केली तरी चालेल. आणि रेघ अगदी सुरीने कापल्यासारखी ठेवू नका. शेवटच्या अर्ध्या बोटात मशीनचा नंबर एकने कमी करत आणा, म्हणजे दाढी हळूहळू विरत जाते आणि चार दिवसांनी खुंट आले तरी गबाळं दिसत नाही.

गळ्यावर केस एका दिशेने वाढत नाहीत, भोवरा असतो. तळहात फिरवून बघा, कुठे गुळगुळीत लागतं आणि कुठे अडतं. अडतं ती उलटी दिशा. गळ्यावर उलटा वस्तरा कधीच घेऊ नका, सलूनवाल्याने ‘उलट मारू का’ विचारलं तर नको म्हणा. खूप खोल कापलेला केस कातडीच्या आत वळतो आणि तिथे लाल पुळी येते. कुरळ्या केसांना हा त्रास जास्त.

गालाची वरची रेघ शक्यतो निसर्गाने दिली तीच ठेवा, वर एकटेदुकटे केस असतील तेवढे काढा. दोन्ही बाजू सारख्या करायच्या नादात लोक डावीकडून थोडं, उजवीकडून थोडं, परत डावीकडून थोडं कापत बसतात, आणि दोन बोक्यांचं लोणी वाटणाऱ्या माकडासारखं शेवटी दोन्हीकडे काहीच उरत नाही. कोणाचाही चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो. समोरच्याला ते कळतही नाही.

तुमच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे, हनुवटी भरलेली आहे. महिन्यानेही गाल उघडेच दिसले तर गालांवर एक नंबर मशीन मारून, म्हणजे ३ मिलिमीटरच्या आसपास, तिथले केस बारीक ठेवा आणि जबड्याच्या कडेने व हनुवटीला लांबी राहू द्या. गालावर लांब केस ठेवले की मधली फट उठून दिसते, बारीक ठेवले की नुसती सावली वाटते. हल्ली पोरं मोबाइलवर महाराजांचं चित्र दाखवून ‘अशी कोरा’ म्हणतात. सतराव्या शतकातली जी चित्रं आहेत त्यांत दाढी जबड्याच्या कडेने उतरून हनुवटीला टोकदार झालेली दिसते. म्हणजे गालांवर जंगल लागतच नाही. विरळ गालवाल्याला इतकी शोभणारी दुसरी ठेवण माझ्या तरी माहितीत नाही. फक्त चेहरा मुळातच लांबट असेल तर टोक आखूड ठेवा.

तेल आणि औषधांचं थोडक्यात. कांद्याच्या रसाने गाल लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं आणि बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते. त्यापलीकडे निरोगी दाढीला त्याचा काही उपयोग होताना मी पाहिला नाही. ‘बिअर्ड ग्रोथ ऑइल’ म्हणून छोट्या बाटलीत मिळतं त्यात बहुधा बदाम, एरंडेल असली तेलं आणि सुगंध असतो. केस मऊ होतात, चमकतात, उगवत नाहीत. बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या अंगात त्याची कमतरता असेल तरच कामाच्या, आणि मोठा डोस चालू असताना थायरॉईडची रक्ततपासणी केली तर आकडे चुकीचे येऊ शकतात, तेव्हा लॅबवाल्याला सांगा. मिनॉक्सिडिलची गोष्ट वेगळी आहे. ते मुळात डोक्याच्या केसांचं औषध, पण थायलंडमध्ये ३ टक्क्यांचं लोशन दाढीवर १६ आठवडे लावून बघितलं होतं आणि ज्यांनी लावलं त्यांच्यात फरक दिसला. हा अभ्यास २०१६ साली छापून आला. म्हणजे उपयोग होऊ शकतो. पण कातडी कोरडी पडणं, खाज, क्वचित छातीत धडधड असे त्रास होतात, आणि सोडल्यावर आलेलं किती टिकेल याची हमी नाही. मांजरांना तर ते विषारी आहे, घरात मांजर असेल तर विशेष जपा. दुकानातून थेट आणू नका, त्वचारोगतज्ज्ञाला गाल दाखवा आणि मगच काय ते ठरवा.

डॉक्टरकडे जायची दोन कारणं तर अशी की त्यात चालढकल नको. पहिलं, नाण्याएवढा गोल, अगदी गुळगुळीत डाग, जिथे आधी केस होते आणि आता खुंटही नाहीत. ती चाई. तुमची ठिगळं दाढी फुटल्यापासूनच विरळ असतील तर हा प्रश्न नाही, पण अचानक पडलेलं टक्कल वेगळं. गावाकडे त्यावर लसूण घासतात, गुंज उगाळून लावतात. लसणाने कातडी भाजते आणि गुंजेचं बी विषारी आहे. चाईवर डॉक्टरकडे चांगले उपचार आहेत. दुसरं कारण गजकर्ण. कडेने लाल, खपली धरलेलं, खाजणारं आणि पसरणारं चक्र. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइडची ट्यूब लावली की दोन दिवस बरं वाटतं आणि मग ते दुप्पट पसरतं. असा चेहरा घेऊन कोणी आला तर मी वस्तरा लावत नाही, सरळ परत पाठवतो.

यावरून आठवलं. सलून कुठलंही असो, ब्लेड तुमच्या डोळ्यांदेखत नवीन फोडलं पाहिजे. आम्ही ते मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात लावतो. ते कागदातून निघताना दिसलं नाही तर मागा, त्यात लाजायचं काही नाही. कावीळ ब आणि क रक्तातून पसरते, आणि कापल्याचा टिपका दिसण्याइतका मोठा असायलाच पाहिजे असं नाही. तुरटीचा दगडही एकाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर फिरत असेल तर तो नको म्हणा.

रोजची निगा फार नाही. अंगाच्या साबणाने दाढी धुवू नका, केस काथ्यासारखे होतात, बोअरच्या जड पाण्यात तर जास्तच. आठवड्यातून दोनदा डोक्याचा सौम्य शाम्पू, बाकी दिवशी नुसतं पाणी. ओलसर असताना खोबरेल किंवा बदामाच्या तेलाचे तीन-चार थेंब तळहातावर पसरून बोटांनी कातडीपर्यंत पोचवा, नुसतं वरवर नको. मुरमं येत असतील तर खोबरेल टाळा. पहिल्या पंधरवड्यातली खाज यानेच निम्मी होते. कोंडा पडला तर केटोकोनाझोलचा शाम्पू मिळतो, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. ओठावर लोंबणारे मिशीचे केस मात्र लहान कात्रीने स्वतः कापत जा, नाहीतर चहाच्या प्रत्येक घोटाला मिशी आधी पिते.

आता लग्नाचं. श्रावण संपला की एकदा येऊन ठेवण ठरवून घ्या, म्हणजे गणपतीत नातेवाईक काय म्हणतात तेही कळेल. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी नुसती कड साफ. शेवटची सेटिंग हळदीच्या दोन दिवस आधी, त्याच दिवशी अजिबात नाही. ताज्या वस्तऱ्यावर हळद लागली की झोंबते, आणि पुळ्या आल्या तर त्या बरोबर फोटोच्या दिवशी फुलतात. हळद लागायच्या आधी दाढीला तेलाचा हात फिरवा, नंतर धुताना ती केसांच्या मुळाशी अडकून बसत नाही. आणि त्या आठवड्यात कोणी कितीही आग्रह केला तरी नवीन क्रीम, नवीन फेशियल आणि दाढीला काळा कलर, तिन्ही बंद. कलरने चेहरा सुजून आलेला नवरदेव मी एकदा पाहिलाय. मुंडावळ्यांमुळे बरंच झाकलं गेलं, पण डोळे उघडत नव्हते.