विमानाच्या पडद्यावरच्या डोंगराची उंची खरी आहे, हे कसं तपासतात?

कॉकपिटच्या पडद्यावर लाल-पिवळे डोंगर दिसतात, त्यांची उंची कशी तपासतात, असं तुम्ही विचारलंय. मी विमानातला नाही, यवतमाळच्या वणीकडे जमीन मोजणीची कामं करतो. पण असा जमिनीच्या उंचीचा डेटा आम्हीही रोज वापरतो.

जगभर वापरात असलेला असा एक मोठा डेटा एंडेव्हर या अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांत रडारने गोळा केला. तपासणी म्हणजे त्याहून कितीतरी अचूक मोजलेल्या बिंदूंशी तो ताडून पाहणं. आंतरराष्ट्रीय नियमांत देशभरासाठी ३० मीटरपर्यंतची चूक चालते, विमानतळाच्या परिसरात ३ मीटर.

मी पहिल्यांदा फसलो तो भलत्याच ठिकाणी. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची असते ना, तिथे सर्व्हेचा जीपीएस लावला. आकडा पाटीपेक्षा पन्नासहून जास्त मीटर कमी! अर्धा दिवस मशीनला शिव्या घातल्या. चूक कोणाचीच नव्हती. जीपीएस पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजतो, आणि आपल्याकडे समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. हा हिशेब चुकला की चांगला डेटाही नापास होतो.

खरी मेख बिंदू कुठे घेता यात आहे. वर्ध्याकडच्या सपाट काळ्या वावरांत शंभर बिंदू घ्या, डेटा पास होणारच. चिखलदऱ्याच्या कड्यावर घ्या, मग बोला. या डेटाच्या ९० मीटरवाल्या आवृत्तीत ९० मीटरच्या अख्ख्या चौकोनाला एकच उंची दिलेली असते, त्यामुळे टोकदार माथा सरासरीत घासला जातो आणि डोंगर बुटका होतो. मेळघाटच्या सागवानात उलटं: रडार फांद्यांवरच अडतं, जमीन आहे त्याहून उंच वाटते. ही चूक पायलटला निदान जिवावरची नाही.

आणि डेटाचं साल विचारा. आमच्याकडे २००० साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती त्या वावरांवर आता कोळसा खाणींच्या ओबीचे, म्हणजे वरून काढलेल्या मातीचे, डोंगर उभे आहेत. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका ढिगाऱ्यावर चढून मोबाइलमध्ये तो जुना डेटा उघडला. त्याच्या मते मी हवेत तरंगत होतो.