‘हॉकिश’ भूमिका म्हणजे युद्धखोरी का?

चॅनेलवर एखाद्या नेत्याची भूमिका ‘हॉकिश’ आहे असं म्हणतात, मग त्याला युद्धखोर म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : म्हणू नये.

हॉक म्हणजे ससाणा. १८१२ साली अमेरिकेत ब्रिटनशी लढाईच करा म्हणून हट्ट धरणाऱ्या हेन्री क्ले, जॉन कॅल्हून यांच्यासारख्या तरुण खासदारांना ‘वॉर हॉक्स’ म्हणत. हॉक आणि डव्ह (कबूतर, म्हणजे सबुरीच्या बाजूचा) ही जोडी सर्वतोमुखी झाली ती १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगानंतर. सोव्हिएत रशियाने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आणून ठेवली होती. अमेरिकेचे हवाई दलप्रमुख कर्टिस लमे क्युबावर बॉम्बहल्ला करा म्हणत होते. अध्यक्ष केनेडींनी सागरी नाकेबंदी केली. क्षेपणास्त्रांचा धोका दोघांनाही मान्य होता, वाद होता उपायाचा. म्हणून हॉक ही एका वादातली बाजू आहे, आणि माणूस ती उघडपणे मांडू शकतो.

‘युद्धखोर’चं तसं नाही. भांडखोर, चुगलखोर यांच्याच पंगतीतला हा शब्द. स्वतःला कुणी तसं म्हणवून घेत नाही. दुसरे मार्ग शिल्लक असताना, लढाईतच आपला फायदा आहे म्हणून ती पेटवू पाहणाऱ्यालाच तो लावावा.

मी नाशिकचा. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, सरावाचे बार इथे ऐकू येतात, ओझरच्या कारखान्यात सुखोई विमानं बनली. देवळाली कॅम्पातले माझ्या ओळखीचे निवृत्त तोफखानावाले बोलायला चांगलेच कडक. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, नियंत्रण रेषा ओलांडायला हवी होती असं त्यांच्यातले काही आजही ठणकावून सांगतात. वाजपेयी सरकारने ती ओलांडू दिली नाही. पण हीच माणसं पुढे विचारतात : गोळे किती, रसद कुठून, आणि जिंकलेली जागा राखणार कोण? त्यांना हॉक म्हणा. युद्धखोर म्हणालात तर तो अन्याय होईल, आणि असं कुणी म्हटलेलं मला सहन होत नाही. स्टुडिओत बसून ‘आता आरपार’ ओरडणारे यातला एकही प्रश्न विचारत नाहीत, हेही बघा.

मराठीत लिहायचं असेल तर ‘कठोर भूमिकेचे’ किंवा सरळ ‘युद्धाच्या बाजूचे’ लिहा. बातमी रिझर्व्ह बँकेची असेल तर मात्र हॉकिशचा लढाईशी संबंध नाही. महागाई आवरण्यासाठी व्याजदर चढे ठेवण्याकडे कल, एवढाच तिथे अर्थ.