आउटबोर्ड आयडलला बंद पडतंय? स्क्रूला हात लावण्याआधी वाचा

प्रश्न : माझ्या बोटीचं, मागे बाहेरून लावलेलं १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन (आउटबोर्ड) चार महिने बंद होतं. आता चोक ओढला की सुरू होतं, चोक आत ढकलला की गचके खात बंद पडतं. थ्रॉटल वाढवला की मात्र झकास पळतं. आयडलचा, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन हळू चालतं त्या वेगाचा, स्क्रू आवळून कसंबसं चालू ठेवलंय, पण गिअर टाकताना 'खाड्' आवाज येतो. काय करू?

उत्तर : आधी तो स्क्रू होता तिथे परत आणा. तो थ्रॉटलची झडप थोडी उघडी धरतो, एवढंच. बिघाड तसाच राहतो, फक्त झाकला जातो. आवाजाचं कारणही तोच. आउटबोर्डचा गिअर म्हणजे दात थेट दातांत अडकवणारा डॉग क्लच. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढलेला असताना गिअर टाकत राहिलात तर दातांच्या कडा गोल होतात आणि पुढे जोर लागला की गिअर सुटायला लागतो.

चोक हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. चोकवर चालतं, म्हणजे आयडलला पेट्रोल कमी मिळतंय. वरच्या स्पीडला ठीक आहे, म्हणजे त्या स्पीडला पेट्रोल सोडणारा मेन जेट मोकळा आहे. उरतो आयडलला पेट्रोल सोडणारा पायलट जेट. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतं आणि कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून गेलं की मागे डिंकासारखा थर राहतो. चार महिने त्याला पुरेसे आहेत.

तरी खोलण्याआधी दोन मिनिटांची एक परीक्षा करा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, पाहा. मग इंजिन मरायला लागलं की कुणाला तरी पाइपवरचा रबरी फुगा दाबायला सांगा. त्याने इंजिन सावरलं तर संशय आधी इंजिनावरच्या पेट्रोल पंपाच्या रबरी पडद्यावर आणि हवा खेचणाऱ्या जोडांवर घ्या. फरक पडला नाही तर कार्बोरेटर उतरवा.

इंजिन बंद करणाऱ्या किल-स्विचची क्लिप काढून ठेवा, म्हणजे ते चुकून सुरू होणार नाही. वाटीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी, मग टाकी आणि फिल्टरही साफ करावे लागतील. पायलट जेट पितळेचा असतो. खाचेत घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर वापरा, नाहीतर खाच सोलून निघते आणि दुपार तिथेच जाते. काही कार्बोरेटरमध्ये जेटवर छोटं रबरी बूच असतं, ते हरवू नका. जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवेने फुंका आणि उजेडासमोर धरा : भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे, अर्धचंद्र नको. गरज पडली तर वायरमधला तांब्याचा एक केस आत घाला. स्टीलची तार भोक ओरखडते.

इथवर बहुतेक जण करतात. थ्रॉटलच्या झडपेच्या कडेजवळची सुईच्या टोकाएवढी भोकं मात्र राहून जातात आणि मग 'साफ केलं तरी फरक नाही' अशी तक्रार येते. मिक्स्चर स्क्रू (आयडलचं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा) काढून त्या वाटेने क्लीनर मारा. सगळ्या भोकांतून फवारा यायला हवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. हा स्क्रू काढण्याआधी तो आत हलका टेकेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा. आकडा हुकला तर मॅन्युअल पाहा. तेही नसेल तर सुरुवातीला दीड फेरा बाहेर ठेवा. स्क्रू सीलबंद असेल तर छेडू नका.

प्रश्न : न्यूट्रलला ठीक चालतं, गिअर टाकला की बंद.

उत्तर : क्लिप काढून, न्यूट्रलमध्ये पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवा. जड वाटला तर पंखा उतरवून शाफ्टवर मासेमारीची तंगूस किंवा दोर गुंडाळला आहे का बघा. तंगूस सील कापते. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय.

पंखा मोकळा असेल आणि इंजिन दोन सिलिंडरचं असेल, तर एक सिलिंडर मेलाय का तपासा. न्यूट्रलला एका सिलिंडरवरही ते रडतखडत चालतं, भार आला की मान टाकतं. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक ओला आणि काळा, दुसरा विटकरी असेल तर प्लगची अदलाबदल करा. बिघाड प्लगबरोबर सरकला तर प्लग बदला. तिथेच राहिला तर कॉइल, वायर आणि मग कम्प्रेशन, या क्रमाने जा.

प्रश्न : टू-स्ट्रोक आहे. तासभर हळू चालवलं की धूर आणि प्लग काळे. पेट्रोलमध्ये ऑइल थोडं जास्तच घालतो, इंजिन जपायला.

उत्तर : त्याने जपलं जात नाही, प्लग मरतात. मॅन्युअलमध्ये ५०:१ (पेट्रोल : ऑइल) दिलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५ लिटरला ५०० मिलिलिटर. मापानेच घाला. तरीही प्लग काळे पडले तर थर्मोस्टॅट (थंड करणारं पाणी अडवून इंजिन पुरेसं गरम ठेवणारी झडप) काढून बघा. मिठाचा खडा अडकून तो उघडाच राहिला की इंजिन थंड राहतं आणि पेट्रोल नीट जळत नाही.

प्रश्न : अंगणात, नळाच्या पाण्यावर आयडल सेट केलं तर चालेल?

उत्तर : सुरू करून बघायला चालेल, सेटिंगला नाही. एक्झॉस्ट पाण्याखाली नसला की त्याला विरोध होत नाही, त्यामुळे इंजिन मोकळं फिरतं. तिथे बसवलेलं आयडल पाण्यात उतरल्यावर खाली येतं. बोट पाण्यात, धक्क्याला दोन्ही बाजूंनी बांधलेली, इंजिन दहा मिनिटं तापलेलं, आणि आरपीएम टॅकोमीटरवर मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवलेला, न्यूट्रललाही आणि गिअरमध्येही.