‘सिम्पल मशीन’ या शब्दांचं मूळ काय?

तुम्ही विचारलंय की ‘सिम्पल मशीन’, म्हणजे तरफ-कप्पीसारखं साधं यंत्र, यातल्या दोन्ही शब्दांचा मुळातला अर्थ काय, आणि ‘सिम्पल’चं ‘कॉम्प्लिकेटेड’शी काही नातं आहे का. आहे, आणि अगदी जवळचं. दोघांच्याही पोटात घडी आहे.

लॅटिनमधलं ‘सिम्प्लेक्स’ म्हणजे एकपदरी. ‘ड्युप्लेक्स’ म्हणजे दुपदरी. आपल्या दुप्पट-तिप्पटमध्ये जसा ‘पट’ आहे, तसंच हे. ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणं, आणि एकात एक घड्या घातल्या की ‘कॉम्प्लिकेटेड’. मी आयटीआयमध्ये मुलांना शिकवतो, तेव्हा एका कागदावर वाक्य लिहून तो दुमडत जातो. सहाव्या घडीला बोटं दुखतात आणि अक्षर एकही दिसत नाही. मग कागद उघडायचा. घडी उघडलेलं ते ‘एक्स्प्लिसिट’, म्हणजे उघड, स्पष्ट. मराठीतही आपण साडीची घडी उलगडतो आणि कोडंही उलगडतो. म्हणून हा शब्द मुलांना पुन्हा समजावावा लागत नाही. (‘रिप्लाय’सुद्धा याच घरातला, मुळात उलट दुमडणं!)

‘मशीन’ ग्रीक ‘मेखाने’वरून आलं. अर्थ युक्ती, उपाय, साधन. ग्रीक नाटकात देवाला रंगमंचावर उतरवणाऱ्या यारीलाही हेच नाव होतं. लॅटिन आणि फ्रेंचमार्गे येताना उच्चारात ‘श’ आला. ‘मेकॅनिक’मध्ये मात्र मूळच्या ‘ख’चा ‘क’ राहिला. युक्तीचा वाईट अर्थही मागे राहिला: ‘मॅकिनेशन’ म्हणजे कारस्थान. आपल्या षड्यंत्रातही यंत्र आहे, हे मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

‘इंजिन’ तर लॅटिन ‘इंजेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी. मध्ययुगात तटबंदीवर धोंडे फेकणाऱ्या यंत्राला इंजिन म्हणत आणि ती यंत्रं बनवणारा तो इंजिनिअर.

तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू, उतरण, चाक-आस ही सहा साधी यंत्रं म्हणजे एकपदरी युक्त्या, असा तुमच्या जोडीचा अर्थ लावता येतो.

आपला ‘यंत्र’ मात्र वेगळ्या वाटेनं आला. तो ‘यम्’ धातूवरून, म्हणजे आवरणं, ताब्यात ठेवणं. संयम आणि नियम त्याचेच भाऊ. लेथचं, म्हणजे कातयंत्राचं, बटण दाबण्याआधी मी मुलांना हा धातू सांगतो, आणि लगेच विचारतो, “चकची (कातायचा तुकडा धरून फिरणाऱ्या पकडीची) चावी काढलीस का?”