इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या महिलादिन फलकावर सुरेखा यादव यांना ‘देशातील पहिल्या महिला बसचालक’ लिहावे का?

नाही, तसे लिहू नये. साताऱ्याच्या सुरेखा यादव या बसच्या नव्हे, तर रेल्वेच्या पहिल्या महिला चालक आहेत, आणि फलकावर बसचालकच हव्या असतील तर तमिळनाडूच्या एम. वसंतकुमारी यांचे नाव द्यावे, ज्या १९९३ साली तेथील सरकारी परिवहन सेवेत रुजू झाल्या. यादव यांनी मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून सुरुवात करून आधी मालगाड्या चालवल्या, एप्रिल २००० मध्ये मुंबईची महिला विशेष लोकल हाती घेतली आणि ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली. हा डेक्कन क्वीनचा टप्पा फलकावर जरूर घ्या. कारण त्या मार्गावर भोर घाटात दर ३७ मीटरला १ मीटर असा उतार आहे आणि तिथे भरलेली गाडी ब्रेकवर सांभाळत उतरवावी लागते, म्हणजे हे काम केवळ मानाचे नव्हते. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूर ते मुंबई वंदे भारतही चालवली. मात्र तुमच्या फलकाचा विषय ‘शहरी सार्वजनिक वाहतूक’ असा व्यापक असेल, तर लोकलमुळे यादव त्यात रीतसर बसतात. फक्त नावापुढे ‘लोकलच्या मोटरवूमन’ असे स्पष्ट लिहावे. वसंतकुमारींना अनेक ठिकाणी आशियातील पहिल्या महिला बसचालक म्हटले जाते, पण असा खंडभराचा दावा छापण्यापेक्षा वर्ष आणि राज्य देणे अधिक सुरक्षित.